विमानातला राखणदार

ज्वारी निसवली की शेतात माळा घालतात. राखणदार वर चढून बसतो. हातात गोफण असते. पाखरांचा थवा उतरला की गोफण फिरते. रात्री डुकरे येतात, म्हणून काही जण रात्रही माळ्यावरच काढतात. थंडी वाजते, डोळे मिटू लागतात. पण डोळा लागला की पीक गेलेच म्हणून समजा. हे काम कसे असते, ते तुम्हांला आम्ही काय सांगावे?

लढाईतल्या विमानातही असा राखणदार असे. त्याला गनर म्हणत. गन म्हणजे बंदूक. बंदुकीवर बसतो तो गनर. अशाच एका गनरची हकीगत या पाठात सांगायची आहे. तो आपल्या देशातला नव्हता. फार लांबचा, कॅनडाचा होता. त्याचे नाव अँड्र्यू मिनार्स्की. सोबती त्याला अँडी म्हणत. तो गेला तेव्हा त्याचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

कॅनडा हा देश अमेरिकेच्या उत्तरेला आहे. तिथे थंडी म्हणजे काय विचारता! हिवाळ्यात नद्या गोठतात, त्यांच्यावरून माणसे चालत जातात. त्या देशात विनिपेग नावाचे शहर आहे. १४ ऑक्टोबर १९१६ रोजी अँडी तिथे जन्मला. त्याचे आईबाप मूळचे पोलंडचे. पोट भरायला समुद्र ओलांडून आलेली माणसे. आपल्याकडची माणसे मुंबईला जातात ना, तशीच. फक्त वाट लांबची.

अँडी १६ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. घरात आई आणि भावंडे. मग काय, पोराने कामाला हात घातला. थंडीच्या मुलखात केसाळ कातड्याचे कोट वापरतात. त्या धंद्यात तो कातडे कापायचे काम करू लागला. कात्री नीट चालली पाहिजे, कातडे वाया जाता कामा नये. शांतपणे, बारकाईने करायचे काम. अशी काही वर्षे गेली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. पोलंड म्हणजे अँडीच्या आईबापांचा मुलूख. इंग्लंड लढाईत उतरले, पाठोपाठ कॅनडाही उतरला. १९४१ साली अँडी कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. तिथे त्याला गनरचे शिक्षण मिळाले. मग त्याला बोटीने इंग्लंडला पाठवले.

आता ते विमान कसे होते, ते सांगतो. ते समजले नाही तर पुढची गोष्टही समजणार नाही.

विमानाचे नाव लँकेस्टर. हे बाँब टाकणारे विमान होते. लांबी ६९ फूट. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत १०२ फूट. पंखांवर चार इंजिने, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पोटात बाँब. अशी ७ हजार ३७७ विमाने त्या लढाईसाठी बांधली गेली. त्यांतली काही कॅनडातच बांधली होती. अँडीचे विमान त्यांतलेच एक.

विमानात सात माणसे असत. एक चालवणारा, तो वैमानिक. एक इंजिनांवर लक्ष ठेवणारा. एक नकाशा बघून वाट सांगणारा. एक बिनतारी यंत्रावर बसणारा. एक नेम धरून बाँब सोडणारा. आणि दोन गनर. पाच जण पुढच्या बाजूला, एकमेकांच्या जवळपास. गनर मात्र वेगळे. एक विमानाच्या पाठीवर, मधोमध. दुसरा अगदी शेपटीच्या टोकाला.

गनरची बसायची जागा म्हणजे काचेचा एक घुमट. घुमटात बंदुका बसवलेल्या. पाठीवरच्या घुमटात दोन, शेपटीच्या घुमटात चार. घुमट गोल फिरे, म्हणजे ज्या बाजूने शत्रू येईल त्या बाजूला बंदुका वळवता येत. अँडी पाठीवरच्या घुमटात बसे. शेपटीच्या घुमटात पॅट ब्रॉफी नावाचा त्याचा सोबती बसे.

शेपटीवाल्याचे काम फार कठीण. बैलगाडीत मागे पाय सोडून बसलेला माणूस पाहिला आहे ना? गाडी पुढे जाते आणि त्याला फक्त मागे पडलेली वाट दिसते. शेपटीतला गनर तसाच बसे. सहा-सहा, आठ-आठ तास. काळोखी रात्र, वर चांदण्या, खाली शत्रूचा मुलूख. बोलायला शेजारी कोणी नाही. कानाला लावलेल्या यंत्रातून पुढच्यांचा आवाज येई, तेवढाच काय तो आधार. इतक्या उंचावर हाडे गोठवणारी थंडी असते. विजेने गरम होणारे कपडे काही जण घालीत, तरी बोटे बधिर होत. आणि सगळा वेळ डोळे काळोखात खुपसून बसायचे. शत्रूचे विमान आले तर ते बहुतेक मागूनच येई. पहिल्यांदा त्यालाच दिसे, आणि पहिली गोळीही बहुधा त्यालाच लागे.

तो घुमट फिरे कसा, तेही पाहू. ट्रॅक्टरचा नांगर कसा वर उचलला जातो? माणूस तो हाताने उचलत नाही. इंजिनावर एक पंप चालतो, पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने नांगर उचलला जातो. घुमटाचेही तसेच होते. शेपटीच्या घुमटाला लागणारा तेलाचा दाब डावीकडच्या इंजिनावरून येई. इंजिन चालू तर पंप चालू. पंप चालू तर घुमट फिरणार. इंजिनच बंद पडले तर? त्यासाठी घुमटात एक हाताने फिरवायची मूठ असे, रहाटाला असते तशी. ती फिरवून घुमट हळूहळू वळवता येई.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. विमान पडू लागले तर उडी मारायची आणि पॅराशूट उघडायचे. पॅराशूट म्हणजे कापडाची मोठी छत्री. तिच्या आधाराने माणूस तरंगत जमिनीवर येतो. पण शेपटीच्या घुमटात जागा इतकी कमी की तिथे पॅराशूट बांधून बसताच येत नसे. ते घुमटाच्या दाराबाहेर, विमानाच्या आत टांगलेले असे. घुमट सरळ असला की दार विमानात उघडे. दार उघडायचे, हात घालून पॅराशूट घ्यायचे, छातीला अडकवायचे. मग घुमट एका बाजूला वळवायचा. आता दार बाहेरच्या मोकळ्या हवेकडे झाले. दार उघडून पाठीवर पडल्यासारखे बाहेर पडायचे. सगळे त्या वळण्यावर अवलंबून. घुमट अर्ध्यात अडकला तर दार ना आत उघडणार, ना बाहेर. माणूस पिंजऱ्यात सापडल्यासारखा व्हायचा.

इंग्लंडमधून अशी विमाने रात्री शेकड्यांनी उडत. दिवसा उडावे तर शत्रूला सहज दिसत, म्हणून रात्री. इंग्लंडच्या या बाँबफेकी दलात सगळे मिळून सुमारे सव्वा लाख माणसे विमानांतून गेली. त्यांतली ५५ हजार ५७३ मेली. म्हणजे शंभर गेले तर चव्वेचाळीस मेले. बहुतेक सगळे विशीतले. हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा चुकून छापला असेल असे वाटले होते. पण तो खरा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. या विमानांतून पडणारे बाँब फक्त फौजेवर पडत नव्हते. खाली शहरे होती, घरे होती, म्हातारीकोतारी आणि पोरे होती. १९४३ च्या जुलैत जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावर काही रात्री बाँब पडले. तीस हजारांहून जास्त माणसे मेली. बरीचशी आगीत गेली. अशी बाँबफेक करायला हवी होती का, यावर त्या देशांत आजही वाद होतो. वर बसलेल्या पोरांना शहर दिसे ते नुसते उजेडाच्या ठिपक्यांसारखे. अँडीच्या धैर्याबद्दल सांगताना त्या खालच्या माणसांना विसरून चालणार नाही, असे आम्हांला वाटते.

अँडी आणि ब्रॉफी यांची मोठी दोस्ती होती. हुद्द्याने ब्रॉफी वरचा. त्यामुळे तळावर दोघांची राहण्याची जागा वेगवेगळी. रात्री गप्पा मारून झाल्या की अँडी आपल्या वाटेने जायला निघे. जाता जाता तो ताठ उभा राही, थट्टेने कडक सलाम ठोके आणि म्हणे, "गुड नाइट, सर!" आपण म्हणतो ना, "बरंय साहेब, येतो," तसे. दोघेही हसत. ही थट्टा लक्षात असू द्या.

आता त्या रात्रीकडे वळू.

तारीख १२ जून १९४४. सहा दिवसांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेच्या फौजा समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये उतरल्या होत्या. फ्रान्स तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. जर्मन फौजेची कुमक आगगाडीने येणार. म्हणून रेल्वेची मोठी ठाणी मोडायची, असे ठरले होते. असे एक ठाणे कांब्रे या गावी होते. केंब्रिक नावाचे तलम कापड तुम्ही दुकानात पाहिले असेल. त्या कापडाचे नाव याच गावावरून पडले आहे. पूर्वी तिथले विणकर नावाजलेले होते. अँडीच्या विमानाला त्या रात्री कांब्रेला जायचे होते.

या माणसांची ही तेरावी फेरी. मध्यरात्र उलटली की तारीखही तेरा. तिकडचे लोक तेरा हा आकडा अशुभ मानतात, आपल्याकडे मांजर आडवे गेले की मानतात तसा. निघण्याआधी सगळे विमानाजवळ गवतात बसले होते. तिथे अँडीला एक पान सापडले. क्लोव्हर नावाचे तिकडे एक चाऱ्याचे गवत असते. त्याचे पान मेथीसारखे किंवा बेलासारखे, तीन दळांचे. चार दळांचे सापडले तर तो मोठा शकुन. अँडीला सापडले ते चार दळांचे. त्याने ते स्वतःजवळ ठेवले नाही. ब्रॉफीला दिले.

विमान फ्रान्सवर पोचले. खालून प्रकाशाचे झोत आकाशात फिरत होते. त्यांतून विमान सुटले. पण तेवढ्यात जर्मन लढाऊ विमान पाठीमागून आले, आणि तेही खालच्या बाजूने. लँकेस्टरच्या पोटाखालचे गनरना नीट दिसत नसे. शत्रूला हे चांगले माहीत होते. ब्रॉफीने ओरडून सांगितले, पण उशीर झाला होता. गोळे बसले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली. डावा पंख पेटला. विमानाच्या आतही आग लागली, आणि ती नेमकी दोन घुमटांच्या मध्ये. म्हणजे एका बाजूला अँडी, दुसऱ्या बाजूला ब्रॉफी, आणि मध्ये जाळ.

वैमानिक होता डी ब्रेन. त्याने विमान कसेबसे सांभाळले आणि हुकूम दिला, उड्या टाका. पुढचे लोक पुढच्या दारातून बाहेर पडले. वैमानिकही शेवटी पडला. मागच्यांनी केव्हाच उड्या टाकल्या असणार, असे त्याला वाटले.

अँडी आपल्या घुमटातून उतरून मागच्या दाराशी आला. उडी टाकायचीच होती. एक पाऊल, की सुटला. तेवढ्यात त्याचे लक्ष शेपटीकडे गेले. ब्रॉफी अजून घुमटातच होता.

काय झालं होतं तिकडे? डावी इंजिने बंद, म्हणून पंप बंद. तेलाचा दाब गेला आणि घुमट अडकून बसला. ब्रॉफीने हाताची मूठ फिरवायला घेतली. जीव खाऊन फिरवली आणि ती मूठच तुटली. आता बाहेर पडायला वाट नाही.

अँडीने दार सोडले. तो वळला आणि जाळात शिरला. हातापायांवर रांगत तो घुमटापर्यंत गेला. कपड्यांवर तेल उडालेले. कमरेपर्यंत कपडे पेटले, पॅराशूटही पेटले. विमानात आग विझवायच्या वेळी वापरायची कुऱ्हाड असते. ती घेऊन त्याने घुमटावर घाव घातले. घुमट हलेना. मग कुऱ्हाड टाकून तो नुसत्या हातांनी ओढू लागला. तरी हलेना.

काच मध्ये होती. ब्रॉफी आतून सगळे पाहत होता. त्याने हाताने खुणा केल्या, जा, माझं आता काही होत नाही, तू जा. अँडी ऐकेना. शेवटी ब्रॉफीने पुन्हा पुन्हा सांगितले तेव्हा तो मागे सरला. वळला नाही बरं का. ब्रॉफीकडे तोंड करूनच तो मागे मागे जाळातून दारापर्यंत गेला. तिथे तो ताठ उभा राहिला. कपडे जळत होते. त्याने हात कपाळाशी नेला आणि सलाम केला. ओठ हलले. आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते. पण तो काय म्हणाला, ते ब्रॉफीला कळले. रोज रात्रीचेच शब्द होते ते.

मग अँडीने उडी टाकली.

खाली फ्रान्समधल्या लोकांनी त्याला पडताना पाहिले. अंगावरचे कपडे जळत होते, छत्रीही जळत होती. लोकांनी त्याला शोधून काढले तेव्हा तो जिवंत होता. पण भाजल्यामुळे अंगात काही उरले नव्हते. तो वाचला नाही.

इकडे ब्रॉफी एकटा त्या पेटत्या विमानात. चालवणारा कोणी नाही. पोटात बाँब तसेच. जमीन जवळ येत होती. मरण ठरलेले होते. पण विमान नाक खाली करून पडले नाही. सपाट उतरावे तसे उतरत आले. पंख एका झाडावर आपटला, विमान गर्रकन फिरले, त्या झटक्याने शेपटीचा घुमट फुटला आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. स्फोट झाला. पण ब्रॉफी भानावर आला तेव्हा हातपाय शाबूत होते. ज्याला वाचवायला कोणी उरले नव्हते, तो वाचला. आणि दारात उभा असलेला मेला. असे कसे, ते आम्हांला विचारू नका.

तिथल्या गुप्तपणे जर्मनांशी लढणाऱ्या लोकांनी ब्रॉफीला लपवून ठेवले. सापडले असते तर त्यांना गोळ्याच घातल्या असत्या. तरी त्यांनी लपवले, खायला घातले. सातांपैकी चौघे असे फ्रान्सच्या लोकांच्या आसऱ्याने सुटले. दोघे जर्मनांच्या हाती सापडून कैदेत गेले. सातवा अँडी.

सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रॉफी इंग्लंडला परत पोचला. तेव्हा अँडी गेल्याचे त्याला समजले. आता बघा, त्या जाळात काय घडले ते जगात एकाच माणसाला ठाऊक होते. बाकीचे आधीच बाहेर पडले होते. ब्रॉफी त्या विमानाबरोबर मेला असता, तर अँडीचे नाव ५५ हजार ५७३ मध्ये एक, एवढेच राहिले असते. असे किती असतील? ज्यांचा ब्रॉफी वाचला नाही, असे? या हकीगतीत आमचे मन अडकते ते इथे.

ब्रॉफीने सारे सोबत्यांना सांगितले. डी ब्रेनने वर लिहून कळवले. चौकशी झाली. ब्रॉफीने साक्ष दिली, की मला सोडवायला तो आला नसता तर सुखरूप सुटला असता. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अँड्र्यू मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इंग्रजांच्या राज्यात शौर्याबद्दल यापेक्षा मोठे पदक नव्हते. घ्यायला तो नव्हताच. विनिपेगमध्ये ते त्याच्या आईच्या हाती दिले.

हे पदक आपल्या मुलखाला अनोळखी नाही. अँडी गेला त्यानंतर महिन्याच्या आतच, १० जुलै १९४४ रोजी, मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे इटलीत पडला. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा जवान. त्याच्या तुकडीतले सगळे पडले, तेव्हा तो एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला आणि ती त्याने बंद पाडली. मग आडून आलेल्या गोळ्यांनी तो गेला. वय २२. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तोही मेल्यावर. त्या बाजूला गेलात तर माणगावात त्याचा पुतळा आहे.

अँडीचाही पुतळा आहे. ज्या तळावरून ते विमान उडाले, तो इंग्लंडच्या उत्तरेला मिडलटन सेंट जॉर्ज या गावी होता. पुढे तिथे मुलकी विमानतळ झाला. २००५ साली तिथे पुतळा बसवला. पुतळ्यातला अँडी सलाम करतो आहे. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे. कॅनडात हॅमिल्टन येथे एक जुने लँकेस्टर दुरुस्त करून ठेवले आहे. १९८८ साली त्याला अँडीच्या विमानाची अक्षरे रंगवून त्याचे नाव दिले. जगात उडू शकणारी लँकेस्टर विमाने दोनच उरली आहेत. त्यांतले हे एक.

ब्रॉफी १९९१ पर्यंत जगला.

अँडीला फ्रान्समध्येच पुरले. मेहारीकूर नावाचे लहानसे खेडे आहे, सभोवती शेते. गावची जी दफनभूमी, तिथेच गावकऱ्यांच्या थडग्यांशेजारी त्याचे थडगे आहे. वर पांढरा दगड. दगडावर नाव, हुद्दा, तारीख आणि त्या पदकाची खूण कोरली आहे.